भाऊजींना सांगा, तो देवळालीच्या शाळेतला होता

पत्र : आम्ही नाशिकरोडला राहतो. मुलगा बारावी सायन्सला आहे. गांधीनगरच्या तळावरून उडणारी आर्मीची हेलिकॉप्टरं घरावरून जायला लागली, की लहानपणी तो जेवण टाकून गच्चीवर पळायचा. आता म्हणतो, एनडीएची परीक्षा देणार, नौदल घेणार आणि तिथे हेलिकॉप्टर उडवणार. माझे थोरले दीर तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "नौदलात मान जहाजवाल्यांचा. फायटरवाले तरी एकवेळ ठीक. हेलिकॉप्टरवाला म्हणजे साहेब लोकांचा टॅक्सीवाला. त्यातून कधी कोणी अ‍ॅडमिरल झालाय का?" यावरून दोघांची चांगलीच जुंपली आणि मुलगा काकांशी बोलेनासा झालाय. मिस्टरांचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, ते यात काहीच बोलत नाहीत. मी काय करावं? आणि एक विचारू का, पाण्यावर इंजिन बंद पडलं तर काय होतं?
– एक आई, नाशिकरोड

ताई,

पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही घाईघाईने लिहिलंय, अक्षरही तिथे बदललंय. त्याचं उत्तर देणार आहे, पण आधी भाऊजींचं बघू. ते घरातले फौजी आहेत आणि घरातल्या फौजीचा शब्द सहजासहजी खोडता येत नाही.

मी बावीस वर्षं नौदलात होतो. पायलट नव्हतो, जहाजावरचा माणूस. म्हणजे भाऊजींच्या हिशोबाने मानाच्या बाजूचा. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते आपल्या लोकांची तळी उचलायला लिहितोय असं त्यांना वाटायचं कारण नाही.

"त्यातून कधी कोणी अ‍ॅडमिरल झालाय का?" झालाय. नुसता अ‍ॅडमिरल नाही, नौदलप्रमुख झालाय, आणि शिकला कुठे, तर तुमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल अशा देवळालीच्या बार्न्स स्कूलमध्ये. अ‍ॅडमिरल करमबीर सिंग. जन्म जालंधरचा, वडील हवाई दलात अधिकारी. देवळालीहून खडकवासल्याला एनडीएत गेले, जुलै १९८० मध्ये नौदलात अधिकारी झाले आणि १९८२ मध्ये त्यांच्या छातीवर हेलिकॉप्टर पायलटचे विंग्ज, म्हणजे पंखांचा बिल्ला, लागले. चेतक उडवलं, कामोव उडवलं. ३१ मे २०१९ रोजी ते नौदलप्रमुख झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले हेलिकॉप्टर पायलट.

म्हणजे नौदलप्रमुखपदापुरतं भाऊजी २०१९ पर्यंत बरोबर होते असं म्हणता येईल. एवढा मान त्यांना द्या.

पण मधल्या सदतीस वर्षांत काय झालं ते तुमच्या मुलाने नीट समजून घ्यायला हवं. भाऊजींच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, ते तिथे सापडतं. करमबीर सिंग नुसतं हेलिकॉप्टर उडवत राहिले असते तर प्रमुख झाले नसते. त्यांनी जहाजं चालवली. तटरक्षक दलाचं 'चांदबीबी', मग 'विजयदुर्ग' ही क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट (छोटी युद्धनौका), पुढे 'राणा' आणि 'दिल्ली' या विनाशिका. (पहिली दोन नावं बघा. एक नगरच्या किल्ल्यावर लढलेली, दुसरा आमच्या कोकणातला किल्ला. जालंधरच्या माणसाच्या वाट्याला आपल्याकडची दोन नावं आली, मला उगाचच बरं वाटतं.)

नौदलाचा पायलट हा हवाई दलाच्या पायलटसारखा नसतो. तो आधी दर्यावरचा अधिकारी आणि मग वैमानिक. एनडीएतून नौदल घेतलेला मुलगा 'पायलट' म्हणून भरती होतच नाही. खडकवासल्याची तीन वर्षं, मग केरळात एळिमलाची नौदल अकादमी, मग जहाजावरचं प्रशिक्षण. तिथे त्याला वॉचकीपिंगचं सर्टिफिकेट मिळवावं लागतं. म्हणजे कॅप्टन खाली झोपलेला असताना रात्री दोन वाजता ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभं राहून दोन-तीनशे माणसांसकट जहाज पुढे नेण्याची परवानगी. उडायला जायचंय म्हणून हात वर करायचा तो अधिकारी झाल्यावर. निवड झाली की आधी प्राथमिक उड्डाण, मग तमिळनाडूत अरक्कोणमला 'आयएनएस राजाली' तळावर हेलिकॉप्टरचं शिक्षण. विंग्ज मिळाले तरी समुद्र सुटत नाही. काही वर्षं स्क्वाड्रनमध्ये (उडणाऱ्यांच्या तुकडीत), काही वर्षं जहाजावर, पुन्हा स्क्वाड्रन. दोन्हीकडच्या परीक्षा, दोन्हीकडचे साहेब. माझ्या बरोबरीचे पायलट मित्र जहाजावर आले की आम्ही त्यांना चिडवायचो, "आला पाहुणा." स्क्वाड्रनमध्ये परत गेले की तिथले म्हणायचे, "आलं जहाज." पण ज्यांनी हे दोन घरचं पाहुणेपण निभावलं, त्यांनाच पुढे जहाजाची कमान, म्हणजे कॅप्टनची खुर्ची, मिळाली. आणि जहाजाची कमान केल्याशिवाय वरच्या पायऱ्या चढता येत नाहीत, हे मात्र भाऊजींचं शंभर टक्के खरं.

आता टॅक्सीचं. हा शब्द मला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर अखेरची संध्याकाळ होती. पाऊस गेलेला, पण समुद्राचं पोट अजून हलत होतं. फ्लाइंग स्टेशन्सची घोषणा झाली, म्हणजे हेलिकॉप्टर येतंय, आपापल्या जागी या. ती झाली की जहाजाच्या मागच्या डेकवर कोणाच्या डोक्यावर टोपी राहत नाही आणि खिशात पेन राहत नाही. सुटा कागददेखील इंजिनात खेचला जातो, म्हणून पोरं रांगेत चालत डेकवरचा खडा अन् खडा वेचतात. कडेच्या जाळ्या आडव्या होतात. एका होडीचे लोक तयार बसतात, हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर काढायला. त्यांच्याकडे कोणी फारसं बघत नाही. कॅप्टन जहाज वाऱ्यात फिरवतो आणि चेतक मागून येतं.

चेतकच्या पंख्याचा व्यास अकरा मीटर. आमचं डेक बॅडमिंटनची दोन कोर्टं शेजारी ठेवली तर जेवढं होईल, साधारण तेवढं. पुढे हँगरची, म्हणजे हेलिकॉप्टर ठेवायच्या खोलीची, भिंत. आणि हे कोर्ट वर जातंय, खाली जातंय, डावीकडे कलतंय, परत उजवीकडे. चेतक लगेच उतरत नाही. जहाजाच्या बाजूला, त्याच वेगाने, हवेत लटकल्यासारखं चालत राहतं. पायलट वाट बघत असतो. समुद्राची एक गंमत आहे : सहा-सात मोठे हेलकावे झाले की मध्येच काही क्षण तो शांत होतो. तेवढ्यात आडवं सरकायचं आणि चाकं टेकवायची. टेकली की चार पोरं वाकून पंख्याखाली धावतात आणि साखळदंडांनी हेलिकॉप्टर डेकला जखडतात.

त्या संध्याकाळी आमच्या कॅप्टनला पुन्हा मूळ दिशेला वळायची घाई होती. तो दर मिनिटाला घड्याळ बघत होता. चेतक दोनदा आलं आणि दोनदा बाजूला गेलं. तिसऱ्यांदा उतरलं, तेव्हा आत बसलेल्या पोराचा शर्ट पाठीला चिकटला होता. काही वर्षांनी मी अशा कॅप्टनच्या हाताखाली होतो, जो स्वतः हेलिकॉप्टर पायलट होता. तो घड्याळाकडे बघायचाच नाही. डेककडे बघायचा. हेलकावा मोजायचा. एकदा मला म्हणाला, "वरून हे डेक पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं रे." तेवढंच. पण त्याच्या जहाजावर उतरायला पायलट घाबरत नसत.

मला करमबीर सिंगांच्या कारकिर्दीतली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'राणा' ज्या वर्गातली विनाशिका आहे, त्या वर्गाच्या जहाजांवर एक कामोव असतं. तेच कामोव, एकावर एक उलट फिरणारे दोन पंखे आणि शेपटीला पंखाच नाही असं ते विचित्र दिसणारं रशियन यंत्र. आधी ते त्याच्या आत बसायचे, मग ते ज्या जहाजावर उतरतं त्याच्या ब्रिजवर उभे राहिले. दोन्ही टोकं ठाऊक असलेला माणूस. माझ्या मते पायलट अ‍ॅडमिरल झाला तर नौदलाला त्याचा हा उपयोग आहे. बाकी विंग्ज काय, छातीवर छान दिसतात.

आणि टॅक्सीवाला कामोव घेऊन काय करतो? पाणबुडी शोधतो. खाली काळं पाणी, वर काळं आभाळ, मध्ये क्षितिज नाही, अशा वेळी समुद्रापासून थोड्याशा उंचीवर यंत्र जागच्या जागी धरून ठेवायचं आणि तारेने सोनार, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र, पाण्यात सोडून ऐकायचं. सी किंग या दुसऱ्या हेलिकॉप्टरवालेही तेच करतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-३०५ हा बार्ज (तराफ्यासारखं सपाट जहाज) बुडाला तेव्हा नौदलाने दीडशेहून जास्त माणसं जिवंत काढली. जहाजं होतीच, पण त्या शोधात कुलाब्याच्या 'शिक्रा' तळावरची हेलिकॉप्टरंही होती. नौदलप्रमुख तेव्हा हेच देवळालीचे. साहेबांची ने-आण हेलिकॉप्टर करतं, नाही कशाला म्हणू. मीही एकदा त्यातून टपाल आणि कोथिंबिरीच्या जुड्या उतरताना पाहिल्यात.

फायटरवाल्यांचं म्हणाल तर त्यांचा रस्ता आधीपासून मळलेला आहे. १८ मे १९६१ ला जुन्या 'विक्रांत'वर पहिलं जेट उतरवणारे लेफ्टनंट ताहिलियानी १९८४ मध्ये नौदलप्रमुख झाले. १९७१ च्या युद्धात हवाई दलाच्या हंटर स्क्वाड्रनमध्ये लढून वीरचक्र मिळवणारे नौदलाचे अरुण प्रकाश २००४ मध्ये झाले. त्यांच्यामागून सुरीश मेहता, तेही वैमानिक.

आता मुलाला सांगायच्या दोन कडू गोष्टी. गोड मी बरंच बोललो.

पहिली : अ‍ॅडमिरलपद हे ठरवून मिळत नाही. खाली रुंद आणि वर टोकदार अशी ती उतरंड आहे. माझ्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा दुप्पट हुशार माणसं कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंतही गेली नाहीत, कोणाची तब्येत, कोणाची एक चुकीची पोस्टिंग, कोणाचं काहीच नाही. खुद्द करमबीर सिंगांच्या निवडीवेळी ज्येष्ठतेवरून वाद झाला आणि प्रकरण सशस्त्र दल लवादापर्यंत गेलं. तेव्हा मुलगा जर काकांना हरवण्यासाठी 'मी अ‍ॅडमिरल होऊन दाखवीन' म्हणत असेल, तर त्याला जरा थांबवा. त्याला रोज सकाळी उठून ते डेक बघायचंय का, हा प्रश्न आहे. ते बघायचं असेल आणि कमांडर म्हणून निवृत्त झाला, तरी आयुष्य वाया गेलं असं त्याला वाटणार नाही. मला वाटलेलं नाही.

दुसरी : वाटा वेगवेगळ्या आहेत आणि जाहिरातीत त्या सारख्याच दिसतात. पदवीनंतर शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून थेट पायलट म्हणूनही नौदलात जाता येतं. उडायचंच असेल तर ती उत्तम वाट आहे, पण ती ठरावीक वर्षांची नोकरी आहे. त्यात जहाजाच्या कमानीपर्यंत पोहोचणं मुळात अपेक्षित नसतं. एनडीएची वाट लांबची, आणि त्यात उडायला मिळेलच याची खात्री नाही, पण वरपर्यंत जिना आहे तो तिथे. मुलाने एनडीए निवडलंय. त्याने हे समजून निवडलं असेल तर त्याला शाबासकी द्या. नकळत निवडलं असेल तरी बरोबरच निवडलंय.

करायच्या गोष्टी फार नाहीत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित आहेच. एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा असते, वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, तेव्हा तारखा मोजून ठेवा. या आठवड्यातच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि नंबरसोबत रंग ओळखण्याची चाचणी करून घ्या. ठिपक्यांतले आकडे वाचायचे असतात, पाच मिनिटांचं काम. रंगांध असेल तर आज कळलेलं बरं. मी अशी पोरं पाहिली आहेत, ज्यांना एसएसबीचे, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या निवड मुलाखतीचे, पाच दिवस पार करून मेडिकलच्या टेबलावर हे पहिल्यांदा कळलं. चष्मा घालवायला लेसर करायचा सल्ला कोणी दिला तर आधी यूपीएससीच्या जाहिरातीतल्या वैद्यकीय अटींची पानं वाचा, मग बोला. पायलटची जी संगणकावरची अभियोग्यता चाचणी असते ती जन्मात एकदाच देता येते, तेव्हा तापात किंवा जागरणाने डोळे चुरचुरत असताना ती द्यायला बसू नये. आणि एसएसबीसाठी लाखभर रुपये क्लासला भरण्याआधी तुमच्या नाशिकरोडलाच राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा. शेजारच्या घरात विहीर असताना आपण टँकर मागवतो, तसं होतं बरेचदा.

डिसेंबरमध्ये नौदल सप्ताह असतो. मुंबईत त्या सुमारास जहाजं लोकांना बघायला खुली करतात. घेऊन जा त्याला. त्याने हेलिकॉप्टर पाहिलंय, समुद्र किती पाहिलाय? तिथे डेकवर दहा मिनिटं उभं राहिलं की काही मुलांचं मन फिरतं. फिरलं तर फिरू दे.

मिस्टर काहीच बोलत नाहीत असं लिहिलंत. दुकानात एकटे असताना विचारा. बापाचं मौन हे होकार, नकार आणि 'खर्च किती?' यांपैकी काहीही असतं. एनडीएत शिक्षणाचा खर्च सरकार करतं, हे त्यांना माहीत आहे का, तेवढं बघा.

भाऊजींसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. करमबीर सिंगांनी पद हाती घेतल्यावर लवकरच सगळ्या नौदलाला काही सूचना पाठवल्या. त्यातली एक अशी की समारंभात जेवण, पेयं, ताटवाट्या, चमचे हे सगळ्या हुद्द्यांना सारखंच असावं. अधिकाऱ्यांना वेगळं आणि जवानांना वेगळं नको. वरिष्ठांच्या स्वागताला बायकामुलांना रांगेत उभं करणं बंद करा, असंही होतं. भाऊजींनी तोफखान्यात किती बडे खाने (अधिकारी-जवानांची एकत्र जेवणं) पाहिले असतील, आणि कोणत्या ताटात जेवले असतील, ते त्यांनाच ठाऊक. ही गोष्ट त्यांना मुलाने सांगू दे, तुम्ही नको. आणि सांगताना "बघा, मी म्हणत होतो ना" हे शब्द वगळून. वाद जिंकण्यापेक्षा काकांना बोलतं करणं त्याच्या फायद्याचं आहे. एसएसबीत पाच दिवस अनोळखी पोरांबरोबर काम करायचं असतं आणि तिथे घरातल्या हवालदाराकडून शिकलेलं पुस्तकापेक्षा जास्त कामी येतं.

आता तुमचा प्रश्न.

इंजिन बंद पडलं की हेलिकॉप्टर दगडासारखं खाली येत नाही. पंखा उतरण्याच्या वाऱ्यावर फिरत राहतो, पायलट त्याच्या आधाराने ते खाली आणतो. याचा सराव त्यांना वारंवार करायला लावतात. पण खाली पाणी असेल तर पुढचा प्रश्न उरतो. हेलिकॉप्टरचं वजन वरच्या बाजूला असतं, इंजिन आणि पंखा डोक्यावर. पाण्यात ते बहुतेक वेळा उलटं होतं. म्हणून कोचीला नौदलाच्या तळावर एक खोल तलाव आहे. हेलिकॉप्टरच्या आतल्या भागासारखी एक केबिन, त्यात पोरांना पट्टे बांधून बसवतात, केबिन पाण्यात सोडतात आणि उलटी करतात. नाकात पाणी, पाय वर, आणि हाताने चाचपत खिडकी शोधायची. एक हात ओळखीच्या कडीवर धरून ठेवायचा, तो सोडायचा नाही, कारण तो सोडला की वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. उजेडात जमलं की अंधारात करायला लावतात. माझे पायलट मित्र रात्रीच्या उड्डाणाबद्दल फुशारक्या मारायचे, या तलावाबद्दल कोणी मारल्याचं आठवत नाही.

धोका नाही असं मी लिहिणार नाही. चेतक जुनं यंत्र आहे, एका इंजिनाचं. त्याच्या जागी नवीन यायला हवं होतं ते कधीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या तळावरच एक चेतक कोसळलं आणि जमिनीवरच्या एका नौसैनिकाचा जीव गेला. तुमच्या मुलाला ही बातमी माहीत असणार. या वयातली पोरं सगळं वाचतात, फक्त आईपुढे बोलत नाहीत. तुम्हीच विषय काढा. त्याला भीती वाटते का, हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

आणखी एक. पत्रात तुम्ही तो गच्चीवर पळायचा ते लिहिलंत. पोहता येतं का, हे लिहिलं नाहीत. येत नसेल तर परीक्षा संपली की तलावावर पाठवा. पाण्यात डोळे उघडे ठेवायची सवय आतापासून झालेली बरी. भाऊजी रिकामेच असतील तर सोडायला त्यांनाच सांगा.